मांसल कोरल कसे सांभाळायचे: रीफ टँकमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

दुकानातल्या निळ्या उजेडात फुगून बसलेला ट्रॅकीफिलिया नावाचा कोरल (समुद्री प्रवाळ) पाहिला की हात लावून बघावासा वाटतो, इतका तो मऊ दिसतो. प्रत्यक्षात त्या फुगवट्यात असतं ते मुख्यतः पाणी. वरचं मांस जेमतेम काही मिलिमीटरचं आणि त्याच्या लगेच खाली चुन्याचा सांगाडा, उभ्या पात्यांचा, दातेरी कडांचा. या जातीच्या कोरलमध्ये जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं इथूनच सुरू होतं. मांस कुठेतरी दाबलं जातं, घासलं जातं किंवा आक्रसतं, खालचं पातं त्यातून वर येतं आणि त्या जखमेत शेवाळ नाहीतर जंतू शिरतात. पाणी, प्रवाह, प्रकाश, खाणं या सगळ्याचे निर्णय या एका गोष्टीवरून घ्यायचे असतात.

आधी कायद्याचं

भारतात राहत असाल तर हे कोरल विकत घेऊ नका. कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, सगळं गुन्ह्यात मोडतं. दुकानात उघड्यावर मिळतं म्हणून ते कायदेशीर होत नाही. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्यात उतरलात तर जिवंत प्रवाळ डोळ्यांनी पाहता येतात. तुटलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही.

हा लेख आहे तो दुबई, सिंगापूर, लंडन, न्यू जर्सी अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या आणि तिथल्या नियमात राहून रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवू पाहणाऱ्या मंडळींसाठी. तिथेही आंतरराष्ट्रीय व्यापारात हे प्राणी साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतात. एका देशातून दुसऱ्या देशात नेताना परवाना लागतो, त्यामुळे घर बदलून दुसऱ्या देशात जाताना कोरल सामानात जात नाहीत. ते तिथल्याच कुणाला तरी द्यावे लागतात. दुकानदाराला माल कुठून आला ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर ऑस्ट्रेलिया किंवा इंडोनेशिया असं येतं. टँकमध्ये किंवा समुद्रातल्या शेतीत वाढवलेला तुकडा मिळत असेल तर तोच घ्या.

कोणापासून सुरुवात करावी

रीफवाले लोक मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे तोंड असलेला एकेक जीव) कठीण कोरलना एलपीएस म्हणतात. त्यातले हातोडी आणि टॉर्च, म्हणजे युफिलियाच्या घरातले, लांब झुलत्या बोटांचे. आपला विषय त्यांच्याहून वेगळा, गादीसारखे अंगभर मांस असलेल्यांचा. यात नवख्याला जमतील असे चार:

ब्लास्टोमुसा सगळ्यात सोशिक. कमी प्रकाशात खूश, वाढ संथ. मायक्रोमुसा, ज्याला दुकानात अजून ‘अकॅन’ किंवा ‘लॉर्ड’ म्हणतात, छोट्या छोट्या पॉलिपची वसाहत करतो. एखादं तोंड गेलं तरी बाकीची जगतात, म्हणून शिकायला चांगला. लोबोफिलिया मोठा होतो, खातोही भरपूर. आणि ट्रॅकीफिलिया, दुकानातला ‘ओपन ब्रेन’, जो रेतीवर सुटा बसतो.

सिनारिना, अकँथोफिलिया आणि होमोफिलिया हे एकेका मोठ्या पॉलिपचे प्राणी. दिसायला सगळ्यांत देखणे, किमतीला चढे, आणि एकच तोंड असल्यामुळे ते गेलं की सगळं गेलं. यांना पहिल्या वर्षी हात न लावलेला बरा. नावांचा गोंधळ मात्र आत्ताच सोडवून ठेवा. २०१६ मध्ये या कुटुंबाची नव्याने मांडणी झाली. ऑस्ट्रेलियातला जो ‘स्कोलिमिया’ होता तो होमोफिलिया झाला, अकँथास्ट्रियातला ‘लॉर्ड’ मायक्रोमुसात गेला, सिम्फिलिया लोबोफिलियात मिसळला. दुकानाच्या पाटीवर जुनं नाव आणि कागदावर नवं असेल तर दुकानदार फसवतोच आहे असं समजू नका.

टँक आणि पाणी

उदाहरणादाखल ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरचा टँक घेऊ. काठोकाठ भरला तर १२१ लिटर, पण वरची मोकळी जागा, दगड आणि रेती वजा जाता पाणी साधारण १०० लिटर उरतं. पुढचे सगळे हिशेब याच १०० लिटरवर केले आहेत. तुमचा टँक दुप्पट असेल तर दुप्पट धरा. याहून लहान टँक स्वस्त पडतो, पण त्यात चूक पचत नाही.

रेती अरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची), दाणा १ ते २ मिलिमीटरचा, थर अडीच सेंटिमीटर. त्याला १० किलो पुरते. पिठासारखी बारीक रेती दिसते सुंदर, पण पंप लागला की उडून कोरलच्या अंगावर बसते. दगड ८ ते १० किलो, आणि रचताना समोरच्या बाजूला रेतीची सपाट मोकळी जागा सोडा. नवखे लोक दगडांची भिंत रचतात आणि मग ट्रॅकीफिलिया ठेवायला जागाच उरत नाही.

पाणी आरओ/डीआयचंच, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि कधी कधी तांबं असतं. सागरी मीठ लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरण्याला सुमारे पावणेचार किलो. मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं की तळाशी क्षार दाट होतात आणि कॅल्शियम चुना होऊन खाली बसतं.

खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो जुळवायला ३५ पीपीटीचं तयार द्रावण. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य लावून काम भागेल असं वाटतं, पण शून्यावर बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर पस्तिशीला दोन-तीन अंकांनी चुकू शकतो. पाणी ‘परफेक्ट’ असूनही कोरल आक्रसलेला, अशा तक्रारीत सगळ्यात आधी इथे बघा.

तापमान २५ अंश, दिवसाला एक अंशापेक्षा जास्त हेलकावा नको. हीटर १०० ते १५० वॅटचा, आणि तो स्वतंत्र कंट्रोलरवर. हीटरचं आतलं बटण चिकटलं की रात्रीत सूप होतं. आखाती उन्हाळ्यात उलटा प्रश्न. पाण्याच्या पृष्ठभागावर फुंकणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण तेवढंच बाष्पीभवनही वाढवतो. त्याने भागलं नाही तर चिलर. वायर प्लगच्या खालून वळवून घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात शिरत नाही.

दगड-रेती-पाणी झालं की अमोनियाचं चक्र, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू टँकमध्ये वाढवणं. अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ पीपीएमला (दहा लाखात दोन भाग) न्या आणि वाट बघा. २ पीपीएम टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की चक्र पुरं झालं. याला चार ते आठ आठवडे लागतात. त्यानंतर एक-दोन मासे. कोरल मात्र लगेच नाही. चौथ्या महिन्यापर्यंत थांबा. मधल्या काळात तपकिरी थर येईल, मग हिरवं शेवाळ, आणि पुढे दगडावर, पंपाच्या झाकणावर जांभळ्या कॅल्शियमी शेवाळाचे ठिपके दिसू लागतील. ते ठिपके दिसले म्हणजे पाण्यात चुना धरू लागला आहे. त्याआधी पैसे खर्च करू नका.

दुकानात काय बघायचं

कोरल पाण्यात असतानाच बघा, वरून नव्हे, बाजूने. मांसाची कड सांगाड्याच्या काठापर्यंत नीट पोचली आहे ना? कुठे पांढरी धार दिसत असेल तर तिथून मांस मागे हटलं आहे. ती धार हिरवट झाली असेल तर जखम जुनी आहे, पांढरीशुभ्र असेल तर कालपरवाची, आणि कालपरवाची जास्त वाईट. तोंड बंद हवं. भरदिवसा, खाणं समोर नसताना तोंड आ वासून पडलं असेल तर तो प्राणी त्रासात आहे. ट्रॅकीफिलियाचं बूड शंकूसारखं निमुळतं असतं. दुकानदाराला तो थोडा कलता करायला सांगा, रेतीत रुतलेल्या बाजूचं मांस बहुतेक वेळा तिथेच गेलेलं असतं. झगमगीत लाल-केशरी तुकड्यापेक्षा मातकट हिरवा पण धडधाकट घ्या. रंगाचे पैसे नंतर कधीही मोजता येतात.

आणि आज सकाळी खोक्यातून निघालेला माल आज घेऊ नका. दहा दिवस तो दुकानातच राहू द्या. जगला तर तुमचा.

घरी आणल्यावर

पिशवी न उघडता टँकच्या पाण्यात १५ ते २० मिनिटं तरंगत ठेवा. मग बादलीत घेऊन बारीक नळीने अर्धा तास थेंब थेंब टँकचं पाणी. हे जवळच्या दुकानातून आणलेल्यासाठी. कुरियरने आलेली, चोवीस तासांहून जास्त बंद असलेली पिशवी असेल तर थेंबांचा खेळ करू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळवा, खारटपणा बघून घ्या आणि पिशवीचं पाणी टाकून देऊन कोरल लवकर हलवा.

टँकमध्ये जाण्याआधी एक डिप, म्हणजे औषधी पाण्यात थोडा वेळ बुडवणं. आयोडीनचं किंवा किड्यांसाठीचं तयार द्रावण, लेबलवर लिहिलेलं प्रमाण आणि वेळ, त्याहून एक मिनिटही जास्त नको. डिपमध्ये सांगाड्याच्या बाजूने पिपेटने पाणी मारा. चपटे किडे, गोगलगायीसारखे जीव, त्यांची अंडी खाली पडतात. अंडी डिपने मरत नाहीत, ती जुन्या टूथब्रशने खरवडायची, फक्त सांगाड्यावरून.

आता उचलण्याचं तंत्र, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. फुगलेला कोरल पाण्याबाहेर काढला की आतलं पाणी एकदम खाली लोंबतं आणि त्या वजनाने मांस पात्यांवर फाटतं. म्हणून आधी त्याला आक्रसू द्या. पाण्यातच त्याच्यावर हाताने हलकी लाट मारा, गरज पडली तर कडेला बोट टेकवा. मिनिटभरात तो पाणी सोडून सांगाड्याला चिकटतो, पात्यांच्या रेषा वरून दिसायला लागतात. मग खालून, नुसत्या सांगाड्याला धरून उचला. बोटांचा चिमटा वरून कधीही नाही. शक्य असेल तर पाण्याखालीच वाटीत घ्या आणि वाटीसकट हलवा. हाताला क्रीम, साबण, सॅनिटायझर नको, हातमोजे बरे.

कुठे ठेवायचा, किती उजेड, किती प्रवाह

ट्रॅकीफिलिया आणि अकँथोफिलिया रेतीवर. समुद्रात ते तसेच असतात, प्रवाळभिंतींच्या मधल्या रेताड तळावर सुटे पडलेले. ‘जरा वर, छान दिसतो’ म्हणून दगडावर ठेवला की दिवसा फुगलेलं मांस दगडाच्या कंगोऱ्यावर रोज घासतं, आणि महिन्या-दीड महिन्यात त्या बाजूला पांढरी धार येते. ब्लास्टोमुसा, मायक्रोमुसा, लोबोफिलिया सपाट दगडावर, टँकच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. तुकडा पुटी (पाण्यातही घट्ट होणारी लांबी) किंवा जेल ग्लूने बसवा. डुगडुगणारा कोरल गोगलगाय रात्रीतून पालथा पाडते.

शेजाऱ्यांमध्ये अंतर. युफिलियाचे लांब दंशतंतू रात्री बाहेर निघतात, त्यापासून किमान १५ सेंटिमीटर. गॅलॅक्सिया (लांबवर दंश करणारा कोरल) असेल तर २० हून जास्त, खरं तर गॅलॅक्सिया नसलेलाच बरा. मायक्रोमुसासुद्धा दिसतो तितका गरीब नाही, शेजाऱ्यावर आतड्याचे पांढरे धागे टाकून त्याला पचवतो. ५ ते ७ सेंटिमीटर सोडा, आणि दोघंही फुगल्यावरचं अंतर मोजा.

प्रकाश ५० ते १०० पार (कोरलला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप), निळ्याकडे झुकलेला, दिवसाला ८ ते १० तास. पार मीटर महाग असतो, पण बरीच दुकानं आणि क्लब तो भाड्याने देतात. एका दुपारचं भाडं देऊन टँकचा नकाशा काढून ठेवा. फोनमधल्या अ‍ॅपवर विसंबू नका. सुरुवातीला दिवा एक तृतीयांश ताकदीवर आणि दर आठवड्याला पाच टक्के वाढ. उजेड जास्त झाला तर रंग फिका पडतो, मांस सांगाड्याला चिकटून राहतं. कमी पडला तर रंग तपकिरीकडे जातो. तपकिरी कोरल जगतो, पांढरा पडलेला जगेलच असं नाही. तेव्हा चुकायचंच असेल तर अंधाराच्या बाजूने चुका.

प्रवाहाला आकडा देण्यात फारसा अर्थ नाही. पंपांची एकूण क्षमता तासाला १५०० ते २००० लिटर, दोन लहान पंप, तोंडं काचेकडे किंवा एकमेकांकडे, कोरलवर सरळ झोत नाही. बाकी कोरलचं मांस बघून ठरवा. कड किंचित थरथरते आहे, ठीक. एका बाजूचं मांस दुमडून पाती उघडी पडताहेत, जोर जास्त. अंगावर रेती-कचरा बसून चिकटा साचतो आहे, जोर कमी.

खायला घालणं

प्रकाशावर जगतो, मग खाणं कशाला, असं विचारलं जातं. अंगातलं सूक्ष्म शैवाल त्याला साखर पुरवतं, पण मांस भरायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. मांसल कोरलला तोंडाने दिलेलं अन्न उघड मानवतं, फरक तीन-चार महिन्यांत दिसतो.

आठवड्यातून दोनदा पुरे. गोठवलेला मायसिस, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, टँकच्या पाण्यात वितळवा, चहाच्या गाळणीत गाळा आणि पाणी फेकून द्या. मुख्य दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने या. पंप बंद. आधी पिपेटने त्या गाळलेल्या मायसिसचा नुसता वास, म्हणजे दोन थेंब, कोरलच्या आसपास सोडा आणि दहा मिनिटं काहीही करू नका. होमोफिलियाच्या बाबतीत हे बघण्यासारखं असतं. दिवसभर बशीसारखं सपाट पडलेलं अंग काठाने वर उचलायला लागतं, तोंडाभोवतीच्या खाचांमधून काचेसारखी पारदर्शक टोकं एकेक करून बाहेर येतात, आणि मधलं तोंड हळूच चिरेसारखं उघडतं. ही टोकं आली की अन्न द्यायचं. आली नाहीत तर आज उपास, जबरदस्ती नको.

प्रत्येक तोंडाला तीन-चार मायसिस, मोठ्या ट्रॅकीफिलियाला आठ-दहा. बाजारातली कच्ची कोळंबीही चालते. हळद-मीठ लागायच्या आधी दोन बाजूला काढा, सोलून, मधला काळा धागा काढून, भाताच्या शिताएवढे तुकडे करून गोठवा. मोठा तुकडा दिला तर तो गिळतो खरा, पण पचायच्या आत सडतो आणि दुसऱ्या दिवशी तोंडातून चिकट गोळा बाहेर येतो. तो दिसताच पिपेटने उचलून टाका.

आता चोर. कोळंब्या, म्हणजे टँकमधल्या जिवंत क्लीनर आणि पेपरमिंट, आणि साधूखेकडे हे कोरलच्या तोंडात पाय घालून अन्न ओढून काढतात, आणि त्या ओढाताणीत मांस फाटतं. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापा, कड मेणबत्तीवर किंचित गोल करा आणि तो घुमट कोरलवर पालथा ठेवा. बुचाच्या तोंडातून पिपेट आत. वीस मिनिटांनी घुमट उचला, पंप चालू करा. पंप चालू करायला विसरू नका, हे सांगावं लागतं कारण सगळेच एकदा विसरतात. टायमर लावा.

माशांची निवडही याच बाजूने करा. बुटके एंजलफिश आणि फुलपाखरू मासे मांसल कोरलचे लचके तोडतात. अपवाद सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. विदूषक मासा ट्रॅकीफिलियाला समुद्रफूल समजून त्यात लोळायला लागला तर कोरल उघडणं बंद करतो. मग दोघांपैकी एकाला घर बदलावं लागतं.

क्षारांचा हिशेब

सांगाडा वाढतो तो पाण्यातल्या कॅल्शियम आणि बायकार्बोनेटवर. लक्ष्य असं: अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेटचं प्रमाण, मोजतात डीकेएचमध्ये) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२८० ते १४०० पीपीएम. आकडा ८ असो की ९, फारसा फरक नाही. फरक पडतो तो सोमवारी ९ आणि शुक्रवारी ७ असण्याने. मांस मागे हटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे.

मोजायची ती अल्कलिनिटी, आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. कॅल्शियम नाही, आणि त्यामागे गणित आहे. कोरल २.८ डीकेएच वापरतो तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरतं. समजा सोमवारी अल्कलिनिटी ८.४ होती आणि गुरुवारी ७.८. तीन दिवसांत ०.६, म्हणजे दिवसाला ०.२. तेवढ्यात कॅल्शियम जेमतेम ४ पीपीएम घटलं. घरगुती टेस्ट किटची चूकच त्याहून मोठी असते.

‘दर आठवड्याला १० टक्के पाणी बदला, भागतं’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. पाणी जरूर बदला. १० लिटर, ३७० ग्रॅम मीठ, तापमान आणि खारटपणा जुळवून. पण १० टक्के पाणी बदलल्याने तूट फक्त १० टक्के भरून निघते. टँक ७.४ वर उतरला असेल आणि नवं पाणी ८.५ चं असेल तर तुम्ही पोचता ७.५ ला. त्यामुळे आठवड्याची घट पाणी बदलून भरून निघेनाशी झाली की वेगळी भर घालायला लागा.

तयार द्रावणं मिळतात, पण स्वयंपाकघरातला खायचा सोडाही तेच काम करतो. १०० लिटरमध्ये ३ ग्रॅम सोडा म्हणजे १ डीकेएच वाढ. वरच्या उदाहरणात रोज ०.२ घटत होती, म्हणजे रोज ०.६ ग्रॅम. चमच्याचा अंदाज नको, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. डब्यावर घटक म्हणून फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं हवं. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो, ती टाकलीत तर टँक गढूळ होईल. सोडा अर्धा लिटर आरओ पाण्यात विरघळवून पंपाच्या झोतात हळू सोडा. एका दिवसात अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त उचलू नका, कितीही खाली गेलेली असली तरी. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, १०० लिटरला ७.३ ग्रॅम म्हणजे २० पीपीएम. सोडा आणि कॅल्शियम यांत काही तासांचं अंतर ठेवा. दोन्ही एकत्र पडले तर पांढरा धूर उठतो, तो चुना आहे आणि तुमचे दोन्ही क्षार वाया गेले आहेत.

रोज उडून जाणारं पाणी, साधारण एक ते दीड लिटर, साध्या आरओ/डीआयने भरायचं. मीठ उडत नाही. यासाठी आपोआप भरणारं टॉप-अप यंत्र ही सगळ्यात उपयोगी खरेदी, दिव्याच्याही आधीची.

नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. शून्य हे यश नव्हे. मांसल कोरल अति स्वच्छ पाण्यात महिनोन् महिने बारीक होत जातो, आणि शून्याच्या मोकळ्या मैदानात डायनो नावाचं तपकिरी चिकट संकट उगवतं. फॉस्फेट काढणारी पावडर भरभरून लावू नका.

पीएच ७.९ असला तर घाबरून बाटल्या ओतायच्या नाहीत. हिवाळ्यात खिडक्या बंद, गॅसवर तासभर स्वयंपाक, घरात माणसं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टँकचा पीएच उतरतो. खिडकी उघडा. त्याच हवेचा दुसरा धोका म्हणजे डास-झुरळांचे फवारे. स्किमर (फेस करून पाण्यातला मळ काढणारं यंत्र) खोलीतली हवा खेचतो, आणि कीटकनाशकं कोळंब्या-खेकड्यांना मारतात. टँकच्या खोलीत फवारा बंद. माशांचं तांब्याचं औषधही मुख्य टँकमध्ये कधीच नाही.

बिघडलं तर

कोरल एक दिवस उघडला नाही तर काही करू नका. दोन-तीन दिवस उघडला नाही तर याच क्रमाने तपासा: खारटपणा, तापमान, अल्कलिनिटी, मग रात्री लाल टॉर्च घेऊन कोण त्रास देतंय ते. जागा बदलणं सगळ्यात शेवटी. दर आठवड्याला जागा बदललेला कोरल कुठल्याच जागी रुळत नाही.

मांस एका कडेने हटत असेल तर कारण त्या बाजूला शोधा: शेजारी, दगड, झोत, साचलेला कचरा. सगळीकडून सारखं हटत असेल तर कारण पाण्यात आहे. उघड्या सांगाड्यावर शेवाळ चढलं तर मांसाला टोचेल असं खरवडत बसू नका. तोंड शाबूत असेल तर पाणी स्थिर ठेवून आणि नेमाने खायला घालून महिन्यांनी मांस परत चढू शकतं.

पांढरा पडला, पण मांस फुगतंय, तोंड बंद आहे, म्हणजे अंगातलं शैवाल गेलंय, प्राणी जिवंत आहे. सावलीत हलवा, ३० ते ५० पारवर, आणि खाणं आठवड्यातून तीनदा, पण लहान घास.

घाई करायची ती एकाच प्रसंगात: मांसावर तपकिरी, शेंबडासारखा, दुर्गंधी येणारा थर. हा ब्राऊन जेली. युफिलियात जास्त, पण मांसल जातींनाही होतो, आणि तासांच्या हिशेबात पसरतो. पंप बंद करा, म्हणजे तो उडून दुसऱ्यावर बसणार नाही. बारीक नळीने थर बादलीत ओढून घ्या. कोरल वेगळ्या बादलीत काढून आयोडीनचा डिप द्या. वसाहत फांद्यांची असेल तर रोगी डोकं सांगाड्यातून निरोगी भागापासून वेगळं तोडा आणि टाकून द्या. वाचवायचा मोह होतो, पण बाकीचा टँक जास्त मोलाचा.

गावी जाताना

डिसेंबरात तीन आठवडे भारतात जायचं असेल तर टॉप-अपच्या टाकीत किती पाणी लागेल ते मोजा: २१ दिवस गुणिले दीड लिटर, म्हणजे ३२ लिटर, वर थोडं जास्त. सोडा रोज हाताने घालत असाल तर महिनाभर आधी डोसिंग पंप (ठरल्या वेळी मोजून द्रावण सोडणारा) लावून त्याची सवय करून घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नाही. कोरलला तीन आठवडे तोंडात काही दिलं नाही तरी चालतं. शेजाऱ्याला फक्त माशांचं खाणं, आणि तेही गोळ्यांच्या साप्ताहिक डबीत वाराप्रमाणे भरून. उरलेला डबा कपाटात कुलूपबंद. शेजारी प्रेमाने जास्तच घालतात. हीटर, पंप आणि दिवे यांच्या प्लगवर मराठीत नको, शेजाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत चिठ्ठ्या चिकटवा, आणि पाणी सांडलं तर आधी कोणता बंद करायचा ते त्याच चिठ्ठीवर लिहा.